आपल्या नावाची जमीन

शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे दक्षिणेला जयगडचा किल्ला आहे आणि पाण्यापलीकडे, उत्तरेला, तवसाळ. खाडीचे हे मुख खोल आणि आडोशाचे. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात मुंबईहून कोकणकिनाऱ्याने आगबोटी धावू लागल्या तेव्हा हर्णै, दाभोळनंतर जयगड हा त्यांचा नेमाचा थांबा झाला. किल्ल्याचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे: विजापूरकर, संगमेश्वरचे नाईक, आंग्रे आणि १८१८ मध्ये इंग्रज. पण किल्ल्याखालच्या बंदरातून जी माणसे वळकटी आणि तांदळाचे गाठोडे घेऊन होडीत बसली, होडीतून आगबोटीवर चढली आणि मुंबईला गेली, त्यांचा इतिहास कुठल्याही बुरुजावर लिहिलेला नाही. ती शेतात राबणारी माणसे होती. जमीन त्यांची नव्हती आणि ती आपल्या नावावर व्हावी यासाठी ती गाव सोडून जात होती.

या स्थलांतराचा आकडा थक्क करणारा आहे. १८८१च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या घरात होती आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली माणसे सव्वा लाखाहून जास्त होती. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला, हे ध्यानात घेतले तरी सहा मुंबईकरांत एक रत्नागिरीचा, हे प्रमाण मोठेच. १९२१ पर्यंत ही संख्या सव्वादोन लाखांपुढे गेली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला कापड गिरणीची उभारणी सुरू केली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी या भागात गिरण्यांची धुराडी उभी राहिली, आणि त्या धुराड्यांखाली कोकणातले कूळ कामाला उभे राहिले.

माणसे गाव का सोडत होती? पिकाऊ जमीन थोडी, कातळ फार, हे कारण नेहमी सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण ते अर्धेच कारण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावे खोती होती. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत बसलेला. सारा त्याने वसूल करायचा, आणि कुळाने पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा त्याच्या अंगणात नेऊन घालायचा. वर वेठ होती ती वेगळीच. खोताची लावणी आधी, आपली मागून. खोताचे घर शाकारायचे, त्याचे ओझे वाहायचे, त्याचे लाकूड फोडायचे, आणि मजुरी मागायची सोय नाही. १८८०च्या खोती कायद्याने काही कुळांचे वहिवाटीचे हक्क मान्य केले, तरी गावातली सत्ता होती तिथेच राहिली. शेतात कितीही घाम गाळला तरी बांधाच्या आतली माती दुसऱ्याच्या नावावर, ही सल घेऊन माणूस बोटीत चढत असे.

आणि तो कायमचा जात नसे. दसऱ्यानंतर भात घरात आले की निघायचे, आणि पावसाने समुद्र खवळून आगबोटी बंद होण्याआधी परतायचे, असे निदान पहिल्या दोन पिढ्यांचे तरी चक्र होते. वैशाखात भाजावळ झालेली असे, मृगात तरवा पेरायचा, मग चिखळणी, लावणी, बेणणी. बोट चुकली तर वर्षाची शेती चुकली. शिमग्याला समुद्र उघडा असतो, म्हणून बोटीच्या काळात ग्रामदेवतेच्या पालखीला चाकरमानी मोठ्या संख्येने येत. आठ महिने यंत्रापुढे आणि चार महिने चिखलात, असा हा माणूस पुरता गिरणी कामगारही नव्हता आणि पुरता शेतकरीही नव्हता. त्याच्या पगारातली मनीऑर्डर खोताचे देणे, वाण्याची उधारी आणि बहिणीचे लग्न यांत जाई. तरी काही शिल्लक टाकायचा त्याचा प्रयत्न असे, आणि त्या शिलकीमागे एकच विचार असे: एक तुकडा, मग तो वरकस का असेना, आपला.

जयगडहून फार लांब नाही ते मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. १८६६ मध्ये जन्मलेल्या या कवीने 'मजुरावर उपासमारीची पाळी' ही कविता लिहिली तेव्हा मराठी कवितेला मजूर हा विषय जवळपास अपरिचित होता. ज्या किनाऱ्यावरून माणसे अशी बोटी भरून जात होती, त्याच किनाऱ्यावरच्या कवीला तो दिसावा, हा मला योगायोग वाटत नाही.

मुंबईत पोचलेल्या माणसाला स्वीकारायला शहर उभे नव्हते. उभी होती ती गावाची खोली. गिरणगावातल्या चाळीत दहा बाय दहाची, फार तर दहा बाय बाराची एखादी खोली गावाच्या किंवा वाडीच्या नावाने भाड्याने घेतलेली असे. तिला बैठकीची खोली म्हणत. एका खोलीत वीस-पंचवीस, कधी त्याहून जास्त माणसे. ती एकाच वेळी आत मावत नसत आणि मावायची गरजही नसे, कारण पहिल्या पाळीचा उठून गेला की त्याच्या जागेवर रात्रपाळीचा येऊन आडवा होई. भिंतीला खुंट्या, खुंटीला एकेकाची पिशवी आणि सदरा. वर फळीवर पत्र्याच्या ट्रंका ओळीने, प्रत्येक ट्रंकेत कपड्यांचा जोड, गावाकडची पत्रे, मनीऑर्डरीच्या पावत्या आणि कागदात गुंडाळलेला देवाचा अंगारा. कोपऱ्यात मोरी आणि पाण्याचे पिंप. पाणी कुणी भरायचे, केर कुणी काढायचा, याच्या पाळ्या ठरलेल्या. ज्याला वाचता येई तो बाकीच्यांची पत्रे वाचून दाखवी आणि उत्तरेही लिही. त्यामुळे कुणाची म्हैस व्यायली, कुणाच्या बापाला खोताने बोलावले, कुणाची बायको रुसली, हे साऱ्या खोलीला ठाऊक असे.

जेवण खानावळीत. चाळीतलीच एखादी बाई, बहुधा कुणा कामगाराची बायको किंवा विधवा, दहा-वीस जणांचे डबे करी आणि महिन्याच्या पगारावर हिशेब होई. संपात पगार थांबले की या बाया उधारीवर जेवू घालत, आणि त्यासाठी अंगावरचे सोने गहाण टाकत. गिरणी कामगारांच्या लढ्यांच्या इतिहासात या खानावळवाल्यांना फार उशिरा जागा मिळाली. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले तेव्हा कुठे त्यांच्या कर्जाची आणि कष्टाची कुणीतरी संघटितपणे दखल घेतली.

गावाहून नवा पोरगा आला की खोली त्याला पोसत असे. त्याला जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, पुढे उभे करणे, बदलीवर लावून देणे, पहिला पगार होईपर्यंत खानावळीची हमी घेणे, हे सारे आधी आलेल्यांचे काम. दुखणे आले तर खोलीच त्याला उचलून केईएम रुग्णालयात नेई, आणि मरण आले तर वर्गणी काढून गावी कळवण्याची, क्रियाकर्माची व्यवस्था करी. महिन्याची भिशी असे. भिशी लागलेल्या माणसाने त्या पैशात गहाण पडलेला बैल सोडवला, घरावर कौले घातली, असे प्रसंग गावोगावच्या घरांत आजही सांगितले जातात. याच खोल्यांतून गावमंडळे निघाली आणि त्यांनी गावाकडे देऊळ, शाळा, विहीर, रस्ता यांसाठी पैसा पाठवला.

इथे मला एका परदेशी पुस्तकाची आठवण काढावीशी वाटते. १९३७च्या फेब्रुवारीत अमेरिकेत जॉन स्टाइनबेक यांची 'ऑफ माइस अँड मेन' ही छोटी कादंबरी निघाली. स्टाइनबेक यांनी तरुणपणी स्वतः शेतमजुरी केली होती आणि कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यातले भटके मजूर त्यांनी जवळून पाहिले होते. या शेतावरून त्या शेतावर फिरणारे जॉर्ज आणि लेनी हे दोघे मजूर. लेनी अंगाने दांडगा, बुद्धीने मूल. दोघांचे स्वप्न एकच: स्वतःची थोडी जमीन, एक लहान घर, आणि लेनीसाठी ससे. ते स्वप्न जॉर्ज इतक्या वेळा बोलून दाखवतो की लेनीला ते पाठ झाले आहे. हात गमावलेला म्हातारा कँडी ते ऐकतो आणि आपली साडेतीनशे डॉलरची सगळी पुंजी त्यात घालायला तयार होतो. मग तबेल्यात वेगळा राहणारा कृष्णवर्णीय क्रुक्स, ज्याला बाकीच्यांच्या झोपायच्या जागेत पाऊल टाकायची मुभा नाही, तोही क्षणभर विचारतो की मला घ्याल का. शेवट भयंकर आहे. स्वप्न मोडते आणि मित्राला मित्राच्याच हातून मरण येते.

त्या कादंबरीत मैत्री हा अपवाद आहे. बाकीचे मजूर त्या दोघांकडे नवलाने पाहतात, कारण त्या जगात मजूर एकटा येतो आणि एकटा जातो. आपल्याकडचे कूळ एकटे कधी गेलेच नाही. ते वाडी घेऊन गेले. जयगडच्या बोटीतून उतरलेल्या माणसाजवळ पैसा नव्हता, शिक्षण नव्हते, हाती होते ते सोबतीचे बळ. या बळानेच त्याला पुढे जमिनीपर्यंत नेले असे माझे मत आहे. मात्र तसे घडायला त्या सोबतीला आधी आपलीच एक भिंत ओलांडावी लागली.

कारण आपल्याकडेही क्रुक्स होताच. बैठकीची खोली जातीची होती. कुणब्यांची वेगळी, मराठ्यांची वेगळी, भंडाऱ्यांची वेगळी. महारांच्या तर चाळीच वेगळ्या. गिरणीतही तेच. कापडखात्यात मजुरी जास्त मिळे, पण धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा आपण कसा ओढायचा म्हणून त्या खात्यात महार कामगाराला घेत नसत. १९२८च्या सहा महिन्यांच्या महासंपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. त्या संपातून गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा मोठा झाला. पगार बंद झाल्यावर असंख्य चाकरमानी गावी गेले आणि गावाकडच्या भातावर तगले, म्हणून तो संप इतका लांबू शकला. एरवी गावाशी असलेले हे नाते मागासलेपणाचे लक्षण मानले जाई, आणि तेच नाते त्यांच्या ताकदीचे मूळ ठरले.

स्टाइनबेक यांचे पुस्तक आले त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातले, याच जिल्ह्यातले. खोत आणि कूळ म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. वर कुलाबा जिल्ह्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या कुळांनी १९३३ पासून जमिनी कसायच्याच नाहीत असा संप मांडलेला होता. माणसे उपाशी राहिली, लाकूडफाटा विकून जगली, पण नांगर धरला नाही. तो संप १९३९ पर्यंत चालला.

१० जानेवारी १९३८ हा या कथेतला सर्वांत मोठा दिवस. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईच्या कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा काढला. कोकणातल्या जिल्ह्यांतून हजारो कुळे आली. फाटके धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. राजधानीने असा शेतकरी रस्त्यावर एकत्र पाहिलेला नव्हता. गिरणगाव त्यांचे यजमान झाले. सरकारच्या प्रमुखपदी तेव्हा बाळासाहेब खेर होते, तेही जन्माने रत्नागिरीचे. शिष्टमंडळ त्यांना भेटले आणि खोती नष्ट करा ही मागणी त्यांच्यापुढे ठेवली. मैदानातल्या सभेत बाबासाहेबांबरोबर श्यामराव परुळेकर होते, कम्युनिस्ट पुढारीही होते. पण मला त्या दिवशीची गोष्ट महत्त्वाची वाटते ती वेगळीच. त्या रस्त्यावर कुणबी आणि महार शेजारी शेजारी चालत होते. गावात एकमेकांच्या विहिरीला शिवायची सोय नव्हती, चाळीत खोल्या वेगळ्या होत्या, आणि त्या दिवशी मात्र मागणी एक होती, घोषणा एक होती. वाडीपुरती असलेली सोबत त्या दिवशी वाडीबाहेर पडली. ती कायम तशी राहिली असे म्हणता येत नाही, आणि गावातली शिवाशीव मोर्चाने संपली नाही. पण जमिनीचा कायदा ज्या दडपणामुळे पुढे आला, ते दडपण या एकत्र चालण्यातून उभे राहिले.

बाबासाहेबांचे विधेयक मंजूर झाले नाही. १९३९च्या कूळ कायद्याने संरक्षित कुळे मानली, १९४८ मध्ये नवा कूळ कायदा झाला, आणि १९४९च्या खोती निर्मूलन कायद्याने १५ मे १९५० पासून खोती गेली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार ठरले. कोकणातल्या अनेक घरांत सातबाऱ्यावर पहिल्यांदा आपले आडनाव आले ते या कायद्यांनी. खोतांनी वाद घातले, कोर्टकज्जे पिढ्यान्‌पिढ्या चालले, काही कुळांकडून जमीन सोडल्याचे कागद करून घेतले गेले. तरीही कॅलिफोर्नियातल्या त्या दोघांना जे कधी मिळाले नाही, ते इथे पुष्कळांना मिळाले.

पण मिळाले ते कुणाच्या नावे? पुरुष आठ महिने मुंबईत असताना शेत कोण सांभाळत होते? कवळ तोडून आणणारी, शेण वाहणारी, भर पावसात इरले पांघरून वाकून लावणी करणारी, रात्री सासऱ्याचे पाय चेपणारी बाई. जमीन कसणारी खरी तीच. सातबाऱ्यावर नाव मात्र बहुतेक ठिकाणी नवऱ्याचे किंवा दिराचे चढले. चाकरमान्याच्या खोलीला सोबत होती, भिशी होती, भजन होते. गावात राहिलेल्या त्याच्या बायकोला तशी खोली नव्हती. तिची सोबत पाणवठ्यावरची आणि लावणीच्या ओळीतली. ती वर्गणीच्या वहीत लिहिली गेली नाही. या साऱ्या इतिहासातली ही मोठी उणीव आहे, आणि ती कबूल केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जमीन मिळाली तेव्हा ती एकेका घराला पुरेल एवढी उरली नव्हती. भावाभावांत तुकडे पडत गेले, एका आंब्याच्या झाडाला सात हिस्सेदार झाले. बोट धरणारा माणूस एस.टी. धरू लागला, आणि आगबोटी कालांतराने बंद झाल्या. गावी परतायचे स्वप्न मात्र टिकून होते. नारायण सुर्वे यांना लहानपणी रस्त्यावरून उचलून वाढवणारे गंगाराम सुर्वे हे गिरणी कामगार. नोकरी संपल्यावर ते कोकणातल्या गावी निघून गेले आणि नारायण मुंबईतच राहिला. पुढे तो मुलगा या कामगारांचा कवी झाला. पोरक्या पोराला आपले नाव देणारा तो माणूसही अखेर गावाच्या मातीकडेच वळला.

मग १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे मिटलाच नाही. हजारो चाकरमानी या वेळीही गावी परतले, १९२८ सारखे. पण या वेळी परत जायला गिरणी राहिली नव्हती. काहींनी त्याच तुकड्यावर कलमे लावली, काहींची ट्रंक पुन्हा उघडलीच नाही.

आज जयगडला मोठे बंदर आहे, वीजप्रकल्प आहे, आणि तरीही जिल्ह्यातली तरुण माणसे मुंबई-पुण्याला जातातच. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या घटली, आणि २०११च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. गेलेल्या तरुणांच्या जागी हापूसच्या बागांत राखणीला, फवारणीला आणि मच्छीमारी होड्यांवर आता नेपाळहून माणसे येतात. थंडीच्या सुरुवातीला यायचे, आंबा संपला की पावसाआधी जायचे. बागेतल्या एका खोपीत पाच-सहा जण, एक चूल, घरी पाठवायच्या पैशांचा हिशेब आणि गावाकडे घर बांधायचा बेत. ज्या घरात आजोबांची पत्र्याची ट्रंक अजून माळ्यावर आहे, त्या घराला हे ओळखीचे वाटायला हवे. त्यांचा पगार वेळेवर देणे, दुखण्याला डॉक्टर दाखवणे, त्यांच्या पोरांना गावच्या शाळेत बसू देणे, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.

आणि मुंबईतल्या गावमंडळांना एक विनंती. लालबाग-परळच्या चाळी एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत आणि बैठकीच्या खोल्या त्यांच्याबरोबर जात आहेत. त्या खोल्यांत मंडळाच्या वर्गणीच्या वह्या आहेत, भिशीचे हिशेब आहेत, सभांची टिपणे आहेत, कुणाला किती उसने दिले आणि कुणाच्या मयताला किती खर्च झाला याच्या नोंदी आहेत. खोतांच्या सनदा दप्तरखान्यात सुरक्षित आहेत. कुळांचे दप्तर म्हणजे या वह्या. खोली रिकामी करताना त्या रद्दीत घालू नका. त्यांचे फोटो काढा, एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा, आणि वहीतली नावे ओळखणारी म्हातारी माणसे हयात आहेत तोवर कोण कुठल्या घरातला हे त्यांच्याकडून लिहून घ्या.